न मोजलेला श्वास

१ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशातल्या ८८० गावाशहरांमधल्या सुमारे ७,४०० डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद केली. तो कोणती तक्रार घेऊन आला आणि तपासल्यावर डॉक्टरांना काय वाटलं, एवढंच लिहायचं होतं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुढाकार घेतलेल्या या पाहणीत एका दिवसात २,०४,९१२ पेशंटची माहिती जमली. त्यातले निम्म्याहून अधिक लोक खोकला, सर्दी, धाप अशा श्वसनाच्या तक्रारींसाठी आले होते. निदानांच्या यादीत सर्वात वर दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीने होत्या, प्रत्येकी साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. एक उच्च रक्तदाब. दुसरी दमा आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारे आजार.

आता कुठल्याही फॅमिली डॉक्टरच्या टेबलाकडे पाहा. बीपीचं यंत्र हमखास असतं. ते नसलेला दवाखाना लोकांना दवाखानाच वाटणार नाही. श्वास मोजण्याचं यंत्र, स्पायरोमीटर, मात्र क्वचितच दिसतं. रक्तदाबाचं निदान आकड्यावर होतं आणि तितक्याच मोठ्या संख्येने येणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं निदान अंदाजावर होतं. मला हा फरक आपल्या प्राथमिक आरोग्यसेवेतल्या सर्वात महागात पडणाऱ्या फरकांपैकी एक वाटतो. त्याचं मूळ पैशात आहे त्याहून जास्त प्रशिक्षणात आहे.

सीओपीडी म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. वर्षानुवर्षं धूर आणि धूळ आत जात राहिली की लहान श्वासनलिकांना सूज राहते, त्यांच्या भिंती जाड होतात, कफ साचतो. त्याच वेळी फुप्फुसातल्या वायुकोशांच्या नाजूक भिंती विरत जातात आणि फुप्फुसाचा ताण जातो, वापरून वापरून सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा. मग आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. पेशंटला वाटतं श्वास आत जात नाही. खरी अडचण तो बाहेर न येण्याची असते. शिळी हवा आत अडकून बसल्यामुळे ताज्या हवेला जागा उरत नाही. जिना चढताना किंवा हंडा उचलताना श्वासाचा वेग वाढला की अडकलेली हवा आणखी वाढते, आणि माणूस थांबतो.

हा आजार दमा नव्हे. दम्यात नळ्या आकसतात आणि औषधाने, कधी आपोआपही, बऱ्याचशा मोकळ्या होतात. सीओपीडीत झालेली हानी परत भरून येत नाही. तिचा वेग कमी करता येतो, त्रास कमी करता येतो. म्हणूनच तो लवकर ओळखणं महत्त्वाचं. निसर्गाने आपल्याला फुप्फुसाची राखीव ताकद इतकी दिली आहे की तिचा मोठा भाग संपेपर्यंत माणूस ‘वय झालं’ म्हणत चालवून घेतो. सुरुवातीच्या टप्प्यात छातीला स्टेथोस्कोप लावला तर काहीही ऐकू न येण्याची शक्यता असते आणि एक्स-रेही अनेकदा स्वच्छ दिसतो. कानाने आणि डोळ्याने जे कळत नाही ते यंत्रानेच मोजावं लागतं.

राज्यनिहाय आजारभाराचा जो अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला, त्यानुसार भारतातले सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये २.८१ कोटी होते आणि २०१६ मध्ये ५.५३ कोटी झाले. जगाच्या १८ टक्के लोकसंख्या आपली, पण श्वसनाच्या जुनाट आजारांच्या जागतिक भारातला ३२ टक्के वाटा आपला. याच अभ्यासातला दुसरा आकडा डॉक्टरांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. सीओपीडीच्या भारामागे हवेच्या प्रदूषणाचा, घरातल्या आणि बाहेरच्या, वाटा ५३.७ टक्के आणि तंबाखूचा २५.४ टक्के. इंग्लंड-अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकांमधून शिकलेल्या पिढ्यांनी हा आजार सिगरेट ओढणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषाचा म्हणून डोक्यात बसवला. परीक्षेत उत्तर तेच होतं. आपल्या गावातला पेशंट मात्र बहुधा वेगळा असतो.

पुण्याजवळ वढू परिसरातल्या गावांमध्ये झालेल्या कामातून दिसलं की तिथले सीओपीडीचे बहुसंख्य रुग्ण धूम्रपान न केलेले होते. २००९ मध्ये डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीबद्दल सविस्तर मांडणी केली तेव्हा जगातल्या अनेक तज्ज्ञांनाही हा विषय नव्याने पाहावा लागला. चूल, गोवऱ्या, तुराट्या-पऱ्हाट्या, बंद स्वयंपाकघर. रात्री दारं लावून जाळलेली डासांची कॉइल. एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगरेटींच्या धुराइतके भरतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात आढळलं होतं. वीटभट्टी, खडी फोडायचं क्रशर, गिरणी. लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया. आणि बरा झालेला टीबी, जो जंतू गेल्यावरही फुप्फुसात व्रण आणि अरुंद नळ्या ठेवून जातो.

‘विडी-सिगरेट ओढता का?’ हा प्रश्न डॉक्टर पुरुषाला विचारतात, बाईला विचारायचा संकोच करतात आणि तिथेच थांबतात. साठीच्या मावशींना विचारायचा प्रश्न दुसरा आहे: चुलीपुढे किती वर्षं काढली, आणि दिवसाचे किती तास? वर्षांना तासांनी गुणलं की धुराच्या मात्रेचा ढोबळ अंदाज येतो. सिगरेटसाठी जसा ‘पॅक-इयर्स’चा हिशोब असतो तसाच हा. कागद लागत नाही, यंत्र लागत नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. तरीही हा प्रश्न विचारायला आपल्या डॉक्टरांपैकी फारच थोड्यांना कुणी शिकवलेलं असतं.

निदान चुकलं की पेशंटची पायपीट सुरू होते. खोकला जात नाही म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा. थुंकीत जंतू सापडत नसूनही कधी टीबीची औषधं. पायाला सूज आली की हृदयाचा संशय, आणि हृदय खरंच थकलेलं असेल तर फुप्फुसाकडे पाहायचं राहून जातं. बहुतेकांच्या कार्डावर शेवटी ‘दमा’ असा शिक्का बसतो आणि उपचार ‘बसला की या’ पद्धतीने चालतात. बसला की सलाइन, डेरिफायलिनचं आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन, वाफ. दोन दिवस बरं वाटतं, म्हणून त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणतं.

या इंजेक्शनांमागचं शास्त्र डॉक्टरांना ठाऊक नसतं असं नाही. पण त्याची किंमत पुढे, दुसऱ्याच कुणासमोर दिसते. वारंवार स्टिरॉइड टोचल्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, लपलेला टीबी डोकं वर काढतो. डेरिफायलिनमधल्या थिओफिलीन या औषधात उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातलं अंतर फार कमी असतं. पेशंट ते घेत असताना जुलाबासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिलं गेलं तर रक्तातली थिओफिलीनची पातळी चढते आणि छाती धडधडायला लागते, उलट्या होतात, क्वचित झटकेही येतात. दोन्ही औषधं एकाच दवाखान्यातून गेलेली असू शकतात.

मग पंप, म्हणजे इनहेलर. ‘पंप लागला की सुटत नाही’, ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’ ही समजूत घराघरात आहे, आणि काही दवाखान्यांतही आहे. साधा हिशोब मांडून पाहा. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची. पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांइतकं औषध असतं, आणि ते सगळं पोटातून रक्तात जाऊन हात थरथरवत, ठोके वाढवत फुप्फुसापर्यंत पोचतं. गोळी सौम्य आणि पंप कडक, ही कल्पना नेमकी उलटी आहे. हा हिशोब डॉक्टरांनी पेशंटपुढे कागदावर एकदा करून दाखवला तर अर्धा विरोध तिथेच मावळतो.

उरलेला अर्धा प्रश्न हाताचा आहे. फवाऱ्याचा पंप असेल तर आधी तो हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश, खोल श्वास घेत असतानाच दाबायचं आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. कोरड्या पावडरीचं रोटाहेलरसारखं साधन असेल तर उलट जोरात, झटक्यात ओढावं लागतं, कारण पावडर मोकळी करायचं काम पेशंटच्या ओढीनेच होतं. एकाला हळू, दुसऱ्याला जोरात. दोन्हींत गल्लत झाली तर औषध जिभेवर आणि घशात राहतं, आणि पेशंट म्हणतो, ‘पंपाने काही फरक नाही.’ स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. अनेक देशांतल्या पाहण्यांमध्ये वारंवार दिसलं आहे की बरेच डॉक्टर आणि नर्सही हे सगळे टप्पे स्वतः करून दाखवताना चुकतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात रिकामा पंप देऊन कुणी ‘आता मला दाखवा’ असं म्हटलंच नसेल, तर ते येणार कुठून?

श्वास मोजायचं यंत्र मात्र बीपीच्या यंत्राहून वयाने मोठं आहे. रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने दंडाला बांधायचा पट्टा १८९६ मध्ये आणला. लंडनच्या जॉन हचिन्सनने आपलं स्पायरोमीटर त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८४६ मध्ये मांडलं आणि खलाशी, पोलीस, मुष्टियोद्धे अशा दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजले. एकूण हवा किती यापेक्षा पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते हे बघावं, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये टिफनोने रुजवली. आजचा निकष त्यावरच उभा आहे: नळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी फुंकायला लावायचं, आणि पहिल्या सेकंदातली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली तर अडथळा कायमचा आहे असं समजायचं.

पण बीपीचा पट्टा पेशंट गप्प बसूनही काम करतो. स्पायरोमीटरला पेशंटची मेहनत लागते. पूर्ण श्वास भरायचा, ओठ घट्ट मिटायचे, एकदम जोरात फुंकायचं आणि सहा सेकंद तरी फुंकत राहायचं, मध्ये खोकायचं नाही. असं किमान तीनदा, आणि त्यातले दोन सर्वोत्तम फुंके १५० मिलिलिटरच्या आत जुळायला हवेत. समोर उभं राहून ‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!’ असं ओरडणारा माणूस चांगला असेल तर आलेख चांगला. नऊवारीतल्या आजींना हे करायला लावणं ही कला आहे, आणि ती शिकवल्याशिवाय येत नाही. आपल्याकडे दवाखान्यांनी यंत्र घेऊन ते कपाटात ठेवल्याची उदाहरणं आहेत. आलेख वाचता येईना, पेशंट नीट फुंकेना, वेळ जायला लागला. भारतातल्या डॉक्टरची सरासरी भेट दोन मिनिटांच्या थोडी पुढे जाते, असं २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मधल्या आढाव्यात नमूद झालं होतं. दोन मिनिटांत नाडी होते, बीपी होतो, स्पायरोमेट्री होत नाही.

आपले डॉक्टर हे शिकतात तरी कुठे? एमबीबीएसच्या काळात छातीच्या वॉर्डात मोजके आठवडे मिळतात, आणि तिथे दिसतात ते ऑक्सिजन लावलेले, अगदी शेवटच्या टप्प्यातले रुग्ण. सुरुवातीचा सीओपीडी वॉर्डात भरती होत नाही. तो ओपीडीत खोकत येतो आणि निघून जातो. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदवी महाविद्यालयांसाठी आवश्यक विभागांच्या यादीतून श्वसनरोग विभाग वगळला, तेव्हा छातीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी घेतलेला आक्षेप मला पूर्ण पटला. महाराष्ट्राच्या वाडीवस्तीवर पहिला डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. त्याने कोणती औषधं द्यावीत यावर वाद आहेत आणि ते चालू राहतील, पण खोकणारा माणूस आधी त्याच्याकडेच जातो, त्यामुळे त्याला प्रशिक्षणाबाहेर ठेवून हा प्रश्न सुटत नाही.

पदवीनंतरचं शिक्षण म्हणजे सीएमई. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना ३० क्रेडिट दाखवावे लागतात. नियम चांगला आहे. पण क्रेडिट मोजले जातात तासांवर. हॉटेलचा हॉल, तज्ज्ञांची स्लाइड्सची मालिका, शेवटी प्रश्नोत्तरं आणि जेवण. खर्च बहुधा औषध कंपनीचा, म्हणून चर्चा नव्या, महाग पंपाची. त्या हॉलमधून डॉक्टर माहिती घेऊन बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत साठ पेशंट असतात आणि तो कालच्यासारखाच वागतो. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही, हे या विषयावरच्या अभ्यासांतून बऱ्याच वर्षांपासून स्पष्ट आहे.

वेगळी वाट दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात दिसली. तिथल्या सरकारी दवाखान्यांमध्ये डॉक्टर क्वचित, सगळा भार नर्सवर. टीबी आणि एचआयव्हीने गांजलेला प्रांत. केप टाउन विद्यापीठाच्या फुप्फुस संस्थेतल्या लारा फेअरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० दवाखाने निवडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटातल्या नर्सना कुठेही बोलावलं नाही; प्रशिक्षकच दवाखान्यात गेले. हे प्रशिक्षक म्हणजे त्याच आरोग्यखात्यातल्या अनुभवी नर्स होत्या. तासा-दोन तासांच्या काही बैठका, दवाखान्याचा सगळा चमू एकत्र. हातात एक सचित्र मार्गदर्शिका, जी आजाराच्या नावाने सुरू होत नव्हती. ती पेशंटच्या तक्रारीपासून सुरू होत होती: खोकला आहे, किती दिवस? धाप आहे का? मग पुढचं पाऊल. २००५ मध्ये ‘बीएमजे’त निष्कर्ष आले. प्रशिक्षण मिळालेल्या दवाखान्यांमध्ये टीबीचे रुग्ण जास्त सापडू लागले, आणि श्वासनलिकेच्या आजारांत स्टिरॉइडचा पंप सुरू होण्याचं प्रमाण पावणेदोन पटीच्या जवळपास गेलं. ही पद्धत पुढे ‘पॅक’ नावाने वाढली आणि ब्राझील, नायजेरिया, इथिओपियापर्यंत गेली.

यात मला सर्वात मोलाची वाटते ती तक्रारीपासून सुरुवात. पेशंट ‘मला सीओपीडी आहे’ असं म्हणत येत नाही. तो ‘खोकला आहे, कफ पडतो, चढ चढवत नाही’ म्हणतो. पाठ्यपुस्तक आजारापासून लक्षणांकडे जातं, दवाखाना लक्षणांपासून आजाराकडे. प्रशिक्षण पुस्तकाच्या दिशेने दिलं की ते दवाखान्यात उपयोगी पडत नाही.

मोजमापाचा आणखी एक उपयोग आहे, ज्याकडे डॉक्टरांचं लक्ष कमी जातं. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरच्या पाच दवाखान्यांत ५६१ धूम्रपान करणाऱ्यांची स्पायरोमेट्री केली गेली. निम्म्यांना कोरडा आकडा कळवला, निम्म्यांना ‘तुमचं फुप्फुस अमुक वयाच्या माणसाचं आहे’ असं सांगितलं. वर्षाने पाहिलं तर पहिल्या गटात ६.४ टक्के लोकांनी सिगरेट सोडली होती, दुसऱ्यात १३.६ टक्के. बावन्न वर्षांच्या माणसाला ‘तुमची छाती पंचाहत्तर वर्षांची झाली आहे’ असं त्याच्याच फॅमिली डॉक्टरने सांगावं, यासारखं औषध कुठल्याही पंपात नाही, कारण सीओपीडीची घसरण मंदावणारा सर्वात खात्रीचा उपाय धूर थांबवणं हाच आहे.

महाराष्ट्रात यातलं किती करता येईल? सुरुवातीचा धागा आपल्याकडे आधीच आहे. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा जो तपासणी फॉर्म भरतात त्यात धाप लागते का, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, हे विचारलेलं असतं. स्वयंपाकाला इंधन कोणतं, लाकूड की गोवऱ्या की गॅस, हेही असतं. वीटभट्टीसारख्या धुराच्या ठिकाणी काम करता का, हेही असतं. म्हणजे चुलीचा जो प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, तो आशाताई दारात जाऊन विचारून आलेल्या असतात. त्यानंतर उपकेंद्रावर त्याच माणसाचा बीपी आणि साखर मोजली जाते. श्वासापाशी मात्र गाडी थांबते, कारण पुढची पायरी कुणाला शिकवलेली नाही.

ती पायरी तालुक्याच्या पातळीवर बांधता येईल. जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातला एक तंत्रज्ञ महिन्यातून ठरलेल्या दिवशी यंत्र घेऊन ग्रामीण रुग्णालयात येतो, संशयितांना फुंकायला लावतो, शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरला आणि खाजगी दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही शिकवतो. आलेख मोबाइलवरून छातीच्या डॉक्टरांकडे जातात आणि त्याच आठवड्यात शेरा परत येतो: हा फुंका अर्धवट, पुन्हा घ्या; हा दमा; हा सीओपीडी, पंप सुरू करा. असे पन्नास आलेख शेऱ्यांसह पाहिलेला फॅमिली डॉक्टर एक्कावन्नावा स्वतः वाचतो. प्रशिक्षक तीन महिन्यांनी त्याच दवाखान्यात परत येऊन पंपावर असलेल्या पेशंटना बोलावतात आणि प्रत्येकाला पंप वापरून दाखवायला सांगतात. कौन्सिलने क्रेडिट द्यायचे तर या बैठकीचे द्यावेत, हॉटेलातल्या तासांइतके तरी. ब्रिटनमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांच्या मानधनाचा एक भाग सीओपीडीच्या पेशंटची स्पायरोमेट्री आणि वार्षिक तपासणी झाली का याच्याशी जोडला गेला, आणि ते काम बव्हंशी दवाखान्यातल्या नर्सनी उचललं. आपल्याकडेही दोन मिनिटांच्या डॉक्टरकडून पंधरा मिनिटांच्या चाचणीची अपेक्षा करण्याऐवजी बाहेरच्या बाकावर पेशंटशी बोलणाऱ्या सिस्टरच्या हातात ते यंत्र आणि एक रिकामा पंप द्यायला हवा.